न पसरणारी शाई

“पाणी लागलं तर शाई पसरते का?” ह्यांनी विचारलं.

दुकानातल्या बाईंनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि स्टूल ओढून बसूनच घेतलं. गिऱ्हाईक कसलं आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

काउंटरवर चित्राच्या रेघा मारायची बारीक टोकाची फाइनलायनर पेनं ओळीनं मांडली होती. मला एकच हवं होतं, आणि ते कुठलं हे घरातून निघतानाच ठाऊक होतं. ‘जरा पेन घेऊन येते’ म्हणत मी चपला पायात सरकवल्या, तर शर्टाची बटणं लावत हे मागे हजर.

“एकटी कशाला जातेस? मी आहे ना.”

मी आहे ना. हे रिटायर झाल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की जिन्यात दुसरं कुणी म्हणालं तरी दचकते.

ह्यांची सगळी नोकरी व्हॉल्व्हच्या कारखान्यात गेली. तयार व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली धरायचा आणि कुठून थेंब येतोय का ते बघायचं. थेंब दिसला की माल बाद. ह्यांच्या हाताखालून गेलेला व्हॉल्व्ह पुढे कुठे गळला, अशी तक्रार कधी आली नाही. कामाला माणूस चोखच. पण आता घरात तपासायचं म्हटलं तर नळ एक, आणि मी.

वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हे ओरडत नाहीत, टाकून बोलत नाहीत. चहा स्वतः करतात आणि मला नको असला तरी माझाही करतात. मी भाजी चिरायला घेतली की हातातली सुरी काढून घेतात. धाकटी बहीण म्हणते, “ताई, नशीब काढलंस गं! आमच्याकडे पाण्याचा पेलासुद्धा उचलून ठेवत नाहीत.” नशीब काढलंय, नाही कशाला म्हणू? फक्त गुदमरायला होतं. कधीकधी मी बाथरूमची कडी लावून पालथ्या बादलीवर नुसती बसून राहते. तर दारावर टकटक.

“बरं वाटतंय ना तुला?”

चित्रकलेचा क्लास मी ह्यांना न विचारता लावला होता. बुधवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. सुरुवातीला एकटी जायचे. मग पिशवी जड होते म्हणून हे सोडायला यायला लागले. मग सोडून परत कशाला जायचं म्हणून खाली पेपर वाचत बसायला लागले. मग खाली पंखा नीट चालत नाही म्हणून वर आले, आणि माझ्या मागच्या बाकावर जे बसले ते बसलेच.

गेल्या बुधवारी माझं पेन सुकलं, म्हणून क्लासमध्ये शेजारी बसणाऱ्या नर्सबाईंचं मागून घेतलं. समोरच्या इमारतीच्या खिडक्या काढल्या आणि ओला ब्रश फिरवला, तर रेषा सुटल्या. काळी शाई निळसर करडी होत भिंतीवरून खाली उतरली, आणि भर दुपारी काढलेल्या इमारतीवर संध्याकाळ झाली. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “इथेच थांबा. आता हात लावू नका.” इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेल्या कुठल्या गोष्टीला कुणी हात लावू नका म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मला फार आनंद झाला होता.

नर्सबाईंच्यासारखंच पेन आता माझ्यासमोर होतं. मी उचललं.

“मला हे द्या.”

“ते नाही चालणार हो रंगांबरोबर,” दुकानातल्या बाई म्हणाल्या. “पाण्यात विरघळतं. लिहायला नेतात लोक. चित्रासाठी ही घ्या, वॉटरप्रूफ.”

“ऐकलंस?” म्हणत ह्यांनी माझ्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं. “द्या सगळी इकडे, बघू आपण.”

मग कागद मागितला. प्रत्येक पेनाची एकेक रेघ ओढली. बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवून लगेच घासायला गेले, तर बाईंनी अडवलं.

“थोडं सुकू द्या काका. ओल्यावर घासलं तर चांगली शाईसुद्धा फराटते.”

ह्यांना हे भारीच पटलं. घड्याळ काढून समोर ठेवलं आणि आम्ही तिघं शाई सुकताना बघत राहिलो. त्या शांततेत माझा धीर झाला.

“अहो, पण मला पसरणारंच हवंय.”

ह्यांनी वर पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे तेच. पसरलेलं आवडलं मला.”

“अगं, एवढं जीव लावून काढायचं आणि पाण्यानं सगळं वाहून जायचं? काहीतरीच!” मग आवाज उतरवून म्हणाले, “मी बघितलं ना तुझं तोंड त्या दिवशी. रडवेली झाली होतीस. वाटेत बोलत नव्हतीस. मला रात्री झोप नाही लागली. म्हटलं, पुन्हा हिच्या चित्राचा असा विचका होऊ द्यायचा नाही.”

ते रडू कशाचं होतं हे सांगायला मी तोंड उघडलं. ह्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, की ते मिटलं. सांगितलं असतं तर मी एवढ्याशा पेनापाशी थांबले नसते, सगळंच बोलले असते, चहापासून बादलीपर्यंत. आणि ह्या माणसाला त्यातलं एक अक्षर कळलं नसतं, फक्त लागलं असतं.

“तुम्ही म्हणाल ते घ्या,” मी म्हटलं.

ह्यांनी सगळ्या जाडीची घेतली. बाई मला म्हणाल्या, “किती करतात हो काका तुमच्यासाठी!” मी हसले.

आज बुधवार. क्लासमध्ये मी कागद काढायला पिशवीत हात घातला, तर कागदावर इमारत तयार. प्रत्येक खिडकी पट्टीनं आखलेली, कोपरे काटकोनात, कुठे थरथर नाही.

“सकाळी तू आंघोळीला गेलीस ना, तेव्हा काढलं,” हे मागच्या बाकावरून पुढे वाकून म्हणाले. “रेषा मी मारत जाईन. तू फक्त रंग भर. निम्मा त्रास वाचला की नाही?”

सर आले, चित्राकडे बघून नुसतं “हं” म्हणाले आणि पुढे गेले. नर्सबाईंनी न विचारताच आपलं पेन माझ्याकडे सरकवलं. मी हात पुढे करणार, तेवढ्यात ह्यांनी ते उचलून नम्रपणे परत दिलं.

“नको नको, आम्ही आणलीत आमची.”

मी ब्रश चांगला ओला केला आणि कोपऱ्यातल्या खिडकीच्या रेघेवर ठेवला. काही झालं नाही. पुन्हा पाणी घेतलं, जोरात घासलं. मग घासतच राहिले. हात दुखायला लागला. कागद फुगला, त्याचे गोळे सुटायला लागले, खिडकीच्या मधोमध भोक पडलं आणि त्यातून खालचं टेबल दिसायला लागलं. भोकाच्या चारी बाजूंनी रेघ होती तशीच काळी कुळकुळीत.

ह्यांचा चेहरा माझ्या खांद्यापाशी आला.

“बघ! कागद गेला, पण रेघ हललीसुद्धा नाही.”

कारखाना सुटल्यापासून ह्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. “हो,” मी म्हटलं, आणि पुढच्या खिडकीत रंग भरायला घेतला.