पोर्टिकोचं दार

लंडनच्या हॅरो भागातलं जुनं हॉस्पिटल बंद होऊन तिथे फ्लॅट झाले, तेव्हा डॉ. सुप्रभा बर्वे यांनी जवळच्या पिनरमधलं मोठं घर विकून तिथल्या मागच्या विंगमध्ये फ्लॅट घेतला. याच हॉस्पिटलात त्यांनी एकतीस वर्षं पेशंटना भूल दिली होती. दर्शनी बाजूला दोनशे वर्षांचा पोर्टिको होता. चार उंच दगडी खांब, वर त्रिकोणी माथा; एखाद्या ग्रीक देवळासारखा.

मार्चमध्ये मॅनेजमेंट कंपनीचं पत्र आलं. यापुढे पोर्टिकोचं दार फक्त पुढच्या विंगसाठी. मागच्यांनी कचऱ्याच्या डब्यांजवळच्या दाराने ये-जा करावी. दोन दिवसांत कोड टाकायचं कीपॅड बसलं.

"काकू, तिकडे सात पायऱ्या आहेत. बाळाची प्रॅम कशी चढवू?" शेजारची अक्षया रडकुंडीला आली. "आणि कम्प्लेंट केली नि लँडलॉर्डने घालवलं तर?"

"तू नको करूस. मी करते."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुप्रभाताईंना याच दारावरच्या माणसाने मागच्या दाराकडे पिटाळलं होतं. तेव्हा त्या मुकाट्याने गेल्या होत्या. त्याची चीड अजून गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फोल्डिंगची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन खांबांमध्ये जाऊन बसल्या. कंपनीचा मॅनेजर कॉलिन धावत आला.

"मॅडम, तुम्हाला इथे बसता येणार नाही."

"बसलेय ना!"

"मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. त्यांनाही चहा देईन."

पोलीस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर होती. खुर्ची जरा आत सरकवताना ताईंना खांबाच्या पायाशी पांढरी भुकटी दिसली. वर पाहिलं, तर कीपॅड थेट दगडात चार भोकं पाडून बसवलेलं. एका कडेचा टवकाही उडाला होता. इमारत लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतली होती. परवानगीशिवाय तिला साधा खिळा ठोकणंही गुन्हा. त्यांनी तिथूनच कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन लावला.

कौन्सिलची बाई आली. टवका उडालेल्या कडेवरून बोट फिरवताना तिचा चेहरा कठोर झाला.

"परवानगीचा कागद दाखवा," ती म्हणाली. कॉलिनकडे कागद नव्हता.

आठवड्याभरात कीपॅड उतरलं आणि दार पूर्वीसारखं सगळ्यांना उघडं झालं. खांबाची दुरुस्ती कंपनीच्या गळ्यात पडली.

"आम्ही रीतसर अर्ज करू," कॉलिन दारात उभा राहून म्हणाला. "कुलूप दुसरीकडे बसवू."

"जरूर करा. पहिला आक्षेप माझा."

"आणि दुसरा माझा," मागून अक्षया म्हणाली. "फ्लॅट नंबर बावीस. लिहून घ्या."

तिने प्रॅम सरळ पुढे ढकलली. कॉलिनला बाजूला व्हावंच लागलं.