हरभऱ्यावरची आंब

पहाट मला कधीच आवडली नाही. लग्न होऊन गुलबर्ग्याहून औरादजवळच्या या गावात आले, तेव्हापासून पहाट म्हणजे माझ्या सासूबाईंचा, नागूबाईंचा आवाज. "अंबिके, ऊठ, दिस वर आला की!" दिस कुठला, चार वाजलेले असत. बाहेर मिट्ट काळोख आणि या बाई अंगणात सडा टाकत माझा उद्धार करायच्या. अकरा वर्षं मी दातओठ खात उठले.

यंदा संक्रांतीनंतर त्यांना ताप आला आणि तो आवाज बंद पडला. मग मला चारला आपोआप जाग येऊ लागली. अंधारात हात लांबवून त्यांच्या कपाळाला लावायची. गरम लागलं तरी भीती, गार लागलं तर त्याहून जास्त. कधी एकदा उजाडतंय असं व्हायचं.

ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. बारा दिवस नुसती पेज, तीही चार घोट. काहीही पुढे केलं की, "माती लागायलीय," म्हणून ताट सरकवायच्या. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर बिदरला भरती करा.

ते ऐकून त्यांनी माझा हात धरला. "तुझा सासरा बिदरला गेला त्यो माघारी आला न्हाई. मला नगं नेऊ." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "हरभऱ्याची आंब मिळतीया का बघ. जिभेला लागली तर चव यील."

आंब म्हणजे हरभऱ्याच्या पानांवर उतरलेलं आंबट दव. संध्याकाळी पिकावर कापड पसरायचं आणि ऊन पडायच्या आत पिळून घ्यायचं. आमच्या रानात यंदा सगळी तूरच होती. शेजारच्या मल्लप्पांच्या शेतात हरभरा होता. त्यांना विचारलं तर उलट मलाच रागावले, "विचारायलीस कामून अक्का? घे की!"

पेटीतलं माझं एक सुती पातळ मी काढलं. सासूच्या पोटात जाणार म्हणून पावडर टाकून तीनतीनदा धुतलं, वाळवलं आणि दिवस मावळताना हरभऱ्यावर पसरून आले.

पहाटे माझा नवरा शिवप्रसाद डेअरीत दूध घालायला निघाला, त्याच्या गाडीवर बसून रानात उतरले. थंडीनं दात वाजत होते. पूर्वेकडे जरासं फटफटलं होतं, आणि सगळ्या रानात माझ्या बांगड्यांशिवाय आवाज नव्हता. ही वेळ इतकी देखणी असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं म्हणा, रोज चारला, पण मी ऐकत कुठे होते! पातळ दवानं जड झालं होतं. पिळताना बोटं बधिर झाली, पण वाटीभर आंब निघाली.

शिवप्रसादबरोबरच परतले. त्यानं आईला टेकून बसवलं, मी चमचा तोंडात दिला. माझा जीव टांगणीला. मग त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की विचारू नका.

"थू थू! आगं, ही आंब हाय का धुण्याचं पाणी? फडकं साबणानं धुतलीस व्हय? निसत्या पाण्यात खळबळायचं असतंय, येवढं बी ठावं न्हाई? सगळा साबण लागायलाय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं एक काम, तेही धड जमलं नाही. मी वाटी उचलून मागे वळले, तेवढ्यात शिवप्रसाद हळूच म्हणाला, "माय, चव लागायलीय म्हन की तुला."

त्यांनी टाळ्याला जीभ लावून पाहिली, पुन्हा पाहिली.

"व्हय की रं," त्या म्हणाल्या.

मग माझ्यावर डोळे वटारले. "बघत कामून बसलीस? भाकर टाक. तोंडाचा साबण जायला कायतर तिखट आण."

चुलीपुढे बसून पीठ मळायला घेतलं. देवाचे आभार मानू, मल्लप्पांचे मानू की त्या पावडरीचे, कळेना. गरम भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. त्यांनी तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि स्वतः न खाता माझ्या तोंडापुढे धरला.

"चारपासून उपाशी हाय पोरगी," त्या शिवप्रसादला म्हणाल्या.

मी तो घास घेतला आणि मग मला रडू आवरलं नाही.