मानेवरचा कारभार

“पुन्हा लावा,” मालक म्हणाले.

बँकेच्या अधिकाऱ्याने लॅपटॉपवर बोट टेकवलं. खोलीत नानांचा तीन महिन्यांपूर्वीचा आवाज दुसऱ्यांदा घुमला. “बारा लाख डॉलर, तीन महिन्यांनी देऊ. दर आजच बांधून टाका.” पलीकडून बँकेतली मुलगी विचारते, “ऑर्डर पक्की आहे ना, काका?” मग दोन क्षण काहीच नाही. मग नाना : “पक्की. करा बुक.”

त्या दोन क्षणांत काय झालं ते नानांना पाठ होतं. फोनवर हात धरून त्यांनी मालकांकडे पाहिलं होतं आणि मालकांनी मान हलवली होती. मालकांचा सगळा कारभारच मानेवर चाले. एकवीस वर्षांत त्यांनी कागदावर हुकूम दिला नाही आणि नानांनी मागितला नाही. मागणं म्हणजे अविश्वास, असं नानांना वाटे. आणि ते तसं वाटू देणं मालकांच्या सोयीचं होतं.

कारखान्याचे पंप परदेशी जात. पैसे डॉलरमध्ये, तेही मागाहून येत. मधल्या काळात डॉलर घसरला तर नफा धुऊन जाई, म्हणून येणारे डॉलर आधीच ठरल्या दराने बँकेला विकून ठेवणं हे ‘डॉलरनानां’चं काम. डॉलर घसरला की मालक म्हणत, “आमचा अंदाजच होता.” चढला की म्हणत, “नाना, घाई केलीत.”

सही झालेल्या ऑर्डरीवरच सौदा, हा नानांचा नियम. तो एकदाच मोडला. गिऱ्हाईक फिरलं, डॉलर चढला, आणि हातात नसलेले डॉलर बँकेला द्यायची वेळ आली. सौदा मोडायचा तर फरक भरा : अठरा लाख.

“नाना, मी सांगितलं होतं का?” मालकांनी मवाळपणे विचारलं.

“साहेब, तुम्ही समोर होतात. मान हलवलीत.”

“अहो, दिवसभर हलते माझी मान. मानदुखी आहे मला.”

अधिकारी हसला. नाना हिशेबाच्या बाईंकडे वळले. “बाई, तुम्ही होतात ना इथेच?”

“मी बिलं तपासत होते, नाना. वर बघितलंच नाही,” बाई म्हणाल्या, आणि आताही त्यांनी वर बघितलं नाही.

मालकांनी कागद सरकवला. सौदा नानांनी आपल्याच अखत्यारीत केला, सबब राजीनामा. “भागीदारांना काही उत्तर द्यायला हवं ना मला? घरचे आहात म्हणून सांगतो.”

“नाही केली सही तर?”

“तर वकील आले. तुमचा फंड अडकला. वहिनींचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा ना?” मालकांनी फार काळजीने विचारलं.

नानांनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि थांबले.

“दर चुकलाय.”

“काय?”

“सौदा मोडल्याचा दर. दशांशानंतर चौथा आकडा दोन नाही, सात. तोटा सहाशेंनी वाढतो.”

“राहू द्या हो! अठरा लाखांत सहाशेंचं काय एवढं?”

“माझ्या नावावर जातोय ना? मग बरोबर जाऊ दे.”

बाई कागद घेऊन उठल्या. प्रिंटर तापायला वेळ लागला. नवा कागद आला. नानांनी आकड्याखाली बोट ठेवून तो तपासला, आणि मग ओळीवर नीट बसेल अशी पूर्ण सही केली.