कशावरून मास्तरांची कात्री

मास्तरांना नाव होतं, पण ते दुकानाच्या पाटीपुरतं. गल्लीत त्यांना सगळे कशावरून मास्तर म्हणत. कोणी काही नवं सांगितलं की चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे, "कशावरून?" लग्नाचं स्थळ आलं तेव्हाही म्हणे त्यांनी हेच विचारलं होतं. मुलगी चांगली आहे, कशावरून? आणि उत्तराची वाट न बघता कोणाच्या तरी कोटाचं माप घ्यायला निघून गेले. स्थळही मग थांबलं नाही. मास्तर बिनलग्नाचे राहिले ते राहिलेच.

अगदी एकटे मात्र नव्हते. नवरा गेल्यावर त्यांची थोरली बहीण लहान मुलीला घेऊन दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहायला आली. बसून खाणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्या खाली येऊन मास्तरांच्या कोटांना काजं करायला बसल्या, आणि मागच्या खिडकीजवळची खुर्ची तेव्हापासून त्यांची झाली. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, शहराच्या दुसऱ्या टोकाला तिनं संसार थाटला. ताईंची सुई चालूच राहिली. काजं करणारं यंत्र केव्हाच निघालं होतं, पण कापड टाकतानाच 'काजं ताईंच्या हातची हवीत' असं बजावणारी गिऱ्हाइकं होती. ताईंचं काज म्हणजे टाक्याला टाका चिकटलेला, आणि कडेवरून बोट फिरवलं तर कुठे अडकायचं नाव नाही.

आता कात्रीचं सांगायला हवं. रोज सकाळी समोरच्या दुकानातला वायरमन हातात चहा आणि मोबाइल घेऊन यायचा आणि विज्ञानाच्या बातम्या मोठ्यानं वाचायचा. त्याला असल्या बातम्यांचं वेड, आणि मास्तरांना त्यांच्यावर तुटून पडायचं वेड, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. शास्त्रज्ञांनी उंदरांना अंधारात ठेवलं तर ते आनंदी झाले. "कशावरून? उंदीर हसले का?" माणसाच्या मनातलं ओळखणारा फ्रिज निघाला. "माझ्या मनात काय आहे ते मलाच दुपारपर्यंत कळत नाही." कुठल्याशा ग्रहावर पाणी सापडलं. "आमच्या नळाला कधी येतंय ते विचार त्यांना." असं बोलता बोलता ते कापायची मोठी कात्री उचलून हवेत वाजवायचे. कच् कच्. कात्री वाजली की बातमी मेली. वायरमन मुकाट्यानं पुढची बातमी काढायचा. एखादी बातमी शेवटपर्यंत वाचून झाल्याचं त्या दुकानात कोणालाच आठवत नव्हतं.

गंमत गमतीच्या जागी ठीक होती, पण घरात त्या कात्रीला कायद्याचं वजन आलं होतं. आपणहून फिरणाऱ्या झाडूवर कात्री वाजली, तो घरात आला नाही. वाफेच्या इस्त्रीवर वाजली, ती दारातूनच परत गेली. ताई कधी वाद घालत नसत. भाऊ तोंडानं फटकळ असला तरी डोक्यानं हुशार, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यानं कात्री वाजवली म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच.

अशाच एका सकाळी वायरमननं वाचलं की मोतीबिंदू आता चुटकीसरशी जाणार, नवं यंत्र आलंय, म्हाताऱ्यांनाही गरुडासारखी दृष्टी येणार. मास्तर त्या दिवशी रंगात होते. गरुडाला चष्मा आहे की नाही ते कोणी तपासलं, असं त्यांनी विचारलं. वायरमन हसला, तसा त्यांना आणखी चेव आला.

"अरे, यंत्राला कोटाचं एक काज धड करता येत नाही, आणि त्याच्या हाती डोळा द्यायचा? मी तर त्याला बटणसुद्धा लावू देणार नाही."

कच् कच्. मागच्या खिडकीतून ताईंचं हसू ऐकू आलं, पण जरा उशिरानं.

त्यानंतर काजं बिघडायला लागली. आधी एखादा टाका मोठा पडे, मग एखादं काज रेषेवरून घसरलेलं दिसे, आणि एका कोटाचं वरचं काज तर बटणाशी भांडण झाल्यासारखं भलतीकडेच निघालं. वय झालं, दुसरं काय, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं, आणि एरवी दगडालाही कशावरून विचारणारा हा माणूस इथे मात्र विचारायला विसरला. ताईंना तोंडावर कसं सांगायचं, की तुझा हात गेला? त्यापेक्षा त्यांनी एक युक्ती काढली. दुपारी ताई पडायला वर गेल्या की ते बिघडलेली काजं उसवायचे आणि स्वतः नवी करायचे. मास्तर कापण्यात वाघ होते, पण काज त्यांनी उमेदवारीच्या दिवसांनंतर केलंच नव्हतं. तरी केलेलं काम त्यांना झकास वाटे. कोणाच्या बापाला कळणार नाही, असं पुटपुटत ते कोट हँगरला अडकवायचे. गिऱ्हाइकं कोट नेताना काजांकडे जरा जास्त वेळ बघायची, पण ताईंचा मान ठेवून काही बोलायची नाहीत.

एका रविवारी भाची आली. ताई किटलीतून चहा ओतत होत्या. धार कपाच्या शेजारून टेबलावर आणि टेबलावरून मास्तरांच्या मांडीवर आली. कपाचं माप देऊ का, असं मास्तरांनी थट्टेनं विचारलं. भाची हसली नाही. तिनं आईच्या हातातली किटली घेतली आणि विचारलं, ऑपरेशनची तारीख होऊन गेली ना, मग अजून हे असं कसं?

कसलं ऑपरेशन, मास्तरांना कळेना. ताई फडक्यानं टेबल पुसत राहिल्या, चहा सांडला नव्हता तिथेही पुसत राहिल्या.

"तारीख मी रद्द केली," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझ्या मामानं कात्री वाजवली."

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. ताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलीबरोबर जाऊन त्यांनी तपासून घेतलं होतं, तारीखही मिळाली होती; त्या दिवशी मामा बरोबर येईल, असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं. भाऊ उगाच काळजी करेल म्हणून त्या आदल्या दिवशी सांगणार होत्या. पण नेमकं त्याच सकाळी वायरमननं ती बातमी वाचली.

मास्तरांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. "अगं, थट्टा होती ती."

"थट्टा होती ते कळलं रे मला. पण तुला पटलेल्या गोष्टीवर तू कधी कात्री वाजवली आहेस का?"

डॉक्टरांनी बजावलं होतं, भाची म्हणाली, उजवा डोळा फार पिकू देऊ नका, मग काढणं अवघड जातं. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "आईला माझा चेहरा दिसत नाही, मामा. दारात आवाज देते तेव्हा ओळखते."

मास्तर जिना उतरून बंद दुकानात आले आणि ताईंच्या खुर्चीत बसले. समोर अर्धवट कोट पडला होता. त्यावरचं वाकडं काज त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. हात गेला नव्हता. न दिसणाऱ्या डोळ्यांनी बाईनं निव्वळ बोटांच्या अंदाजानं ते काज केलं होतं, आणि आपण दुपारभर बसून तेच उसवत होतो. मास्तरांना रडू आलं आणि ते रडले. नाक पुसायला जो कपडा हाती लागला तो एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर निघाला, तेव्हा कुठे ते उठले.

दुसऱ्याच दिवशी ते ताईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. गळ्यात टेप तशीच राहिली होती, त्यामुळे नर्सला वाटलं कोणी पडद्यांचं माप घ्यायला आलंय. डॉक्टर भाचीच्याच वयाच्या होत्या. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि एक एक प्रश्न काढायला सुरुवात केली. कापतं कोण, यंत्र की तुम्ही? मी, त्या म्हणाल्या. मग यंत्र काय करतं? आतलं गढूळ झालेलं भिंग बारीक करून ओढून घेतं, आणि त्या जागी मी नवं बसवते. टाके? बहुतेक वेळा लागत नाहीत. टाक्याशिवाय काही मिटतं हे मास्तरांच्या पचनी पडेना. मग डॉक्टरांनी चीर किती बारीक आणि तिरकी घेतात, ती आपली आपण कशी मिटते, ते कागदावर काढून दाखवलं. मास्तरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मान डोलावली.

मग त्यांनी वायरमनकडून मागवून घेतलेली ती बातमी पुढे केली. डॉक्टर वाचता वाचता हसायला लागल्या. गरुडबिरुड सगळं थाप आहे, म्हणाल्या. चुटकीसरशीही काही होत नाही. मास्तरांची छाती फुगली. त्यांनी ताईंकडे 'बघ' अशा अर्थानं पाहिलं. पण डॉक्टरांनी बातमी खाली सरकवली आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं.

"हे मात्र अगदी खरं आहे."

तिथे लिहिलं होतं की नवं यंत्र असो वा नसो, मोतीबिंदूचं नेहमीचं ऑपरेशन वर्षानुवर्षं चांगलं होत आलं आहे, आणि दिसायला त्रास होत असेल तर उगाच लांबवू नये. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. या ओळी त्या सकाळी दुकानात पोचल्याच नव्हत्या. कात्री आधी वाजली होती.

आयुष्यभर आपण कशावरून विचारत आलो, आणि विचारून झालं की उत्तर मिळाल्यासारखी कात्री उचलत आलो, हे मास्तरांना त्या स्टुलाएवढ्या खुर्चीत बसून कळलं. उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा झाला हा. त्यांनी आवाज खाली आणून शेवटचा प्रश्न विचारला, कधी बिघडतं का? बिघडतं कधीमधी, डॉक्टर म्हणाल्या, आणि काय बिघडू शकतं, तेव्हा त्या काय करतात, तुमच्या बहिणीच्या बाबतीत उशीर झाल्यानं काय जपावं लागेल, ते न लपवता सांगितलं. असं मोकळेपणानं कुठल्या बातमीनं मास्तरांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना बाई आवडल्या.

"तू सांग," ताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "करू का?"

मास्तरांच्या जिभेवर नेहमीप्रमाणे एक कोटी आली होती. ती त्यांनी गिळली.

"खात्री मला कोणी देणार नाही, ताई, आणि मी तुला देऊ शकत नाही. पण या वेळी मी विचारलं आणि उत्तर ऐकूनही घेतलं. कर तू. मी बाहेर बसतो."

ऑपरेशनच्या दिवशी ते बाहेर बसले. हातात कात्री नव्हती, म्हणून दोन बोटांनीच हवा कापत होते. शेजारच्या गृहस्थानं वर्तमानपत्र पुढे केलं तर त्यांनी हात जोडले.

उजवा डोळा आधी झाला आणि छान झाला. थेंब घालायचे, वाकायचं नाही, शिवणाला हात लावायचा नाही, हे सगळं पथ्य सांभाळून झाल्यावर एका सकाळी डॉक्टरांच्या परवानगीनं ताई खाली आल्या. मुलीचा चेहरा बघून झाला होता; ती किती वाळली आहे यावर दोन दिवस बोलूनही झालं होतं. आता त्यांनी भावाला उजेडात उभं करून नीट पाहिलं.

"अरे, तू तर म्हातारा झालास. बोलला नाहीस कधी."

मग त्या हँगरकडे वळल्या. एक तयार कोट काढला, खिडकीशी नेला आणि त्याचं वरचं काज उजेडात धरलं. मास्तर उगाच खडू शोधायला लागले.

"हे काज कोणी केलं?"

"तूच."

"कशावरून?" ताई म्हणाल्या.

मास्तरांना या प्रश्नाची विचारायची बाजू पाठ होती, उत्तराची नव्हती. शेवटी त्यांनी सगळं कबूल केलं. ताईंनी काजावरून बोट फिरवलं. ते प्रत्येक टाक्याशी अडकलं.

"मी ठार आंधळी झाले तरी असलं काज करणार नाही," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. डोळे चोळायची मनाई होती, म्हणून त्यांनी ते तसेच भरू दिले. "तू माझी काजं लपवलीस, मी तुझ्यापासून डोळे लपवले. दोघंही दीडशहाणे. असे किती कोट फिरतायत गावात?"

"असतील थोडे."

"बोलाव सगळ्यांना."

बोलवायची गरज पडली नाही, कारण पहिला माणूस चहा घेऊन दारातच उभा होता. वायरमनच्या अंगावर त्यातलाच एक कोट होता, आणि बिचारा इतके दिवस वरचं बटण न लावता हिंडत होता. ताईंनी त्याला कोट काढायला लावला. तो नुसत्या शर्टात स्टुलावर बसला, मोबाइल काढला आणि जरा बिचकतच बातमी वाचू लागला. दुरून नुसता फोटो काढून माणसाच्या अंगाचं अचूक माप घेणारा कॅमेरा निघाला होता. यापुढे शिंप्याच्या टेपची गरज उरणार नाही, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं.

मास्तरांचा हात कात्रीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआपच गेला. कात्री उचलली, पाती उघडली. वायरमन वाचायचा थांबला आणि पुढची बातमी शोधायला लागला. मागच्या खिडकीत ताईंनी वर पाहिलं नाही. त्या वायरमनच्या कोटाचं काज उसवत होत्या.

मास्तरांनी कात्री टेबलावर ठेवली.

"पुढे वाच," ते म्हणाले.

वायरमनला पुढे वाचायची सवयच नव्हती. कुठपर्यंत आलो होतो, ते शोधायला त्याला बराच वेळ लागला, आणि मास्तर थांबले.