करंगळीमामा

"लिही की पिस्तुलात दोष होता," साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. "यंत्रच ते. बिघडतं कधीतरी."

शस्त्रागाराच्या मिस्त्रीनं फॉर्मला हात लावला नाही. सकाळपासून त्यानं ते पिस्तूल रिकामं करून, तोंड वाळूच्या पेटीकडे धरून, हलवून, ठोकून, आपटून पाहिलं होतं. चाप ओढल्याशिवाय घोडा एकदाही पडला नाही. पिस्तूल ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते धरणाऱ्याचं डोकं, पण त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

सव्वीस वर्षं तो या शस्त्रागाराच्या खिडकीशी उभा होता. ड्युटीवरून परतलेल्यानं हत्याराचं तोंड वाळूच्या पेटीकडे करायचं, मॅगझिन काढायचं, वरची स्लाइड मागे ओढून नळीमागचं चेंबर उघडं धरायचं. मग मिस्त्री आत डोकावणार आणि वर करंगळी घालून चाचपणार. कारण मॅगझिन काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये बसून राहते, आणि तिला कुणाचा हुद्दा कळत नाही. पहारेकरी त्याला करंगळीमामा म्हणत. सगळ्यांत जास्त टिंगल करायचा त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोही इथलाच पहारेकरी. "मेव्हणे, जेवणाचा डबापण करंगळी घालूनच उघडता का?" असं विचारायचा आणि समोरच्या बाकावर चहा पीत बसायचा.

परवा दुपारीही तो तिथंच बसला होता. साहेब घाईत आले. मॅगझिन काढून खिडकीत टाकलं, स्लाइडला मात्र हात लावला नाही. मिस्त्रीनं सवयीनं हात पुढे केला. साहेबांनी तो झटकला. माझ्यावर विश्वास नाही का, म्हणाले. आणि मिस्त्रीनं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हात मागे घेतला. रिकामं आहे हे दाखवायला साहेबांनी चाप ओढला. वाळूची पेटी उजवीकडे होती. बाक समोर होता.

"बहिणीचा तरी विचार कर," साहेब आता समजुतीच्या सुरात म्हणाले. "कुणाची चूक नव्हती म्हटलं, की सोसायला सोपं जातं."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिचा नवरा मारला तो मारला, वर तिनं दुःख कसं करायचं तेही हाच माणूस ठरवणार होता. पण त्याहून जास्त चीड त्याला स्वतःची आली. नव्या पहारेकऱ्यांवर वाघासारखा डाफरणारा तो, एका हुद्द्यासमोर निमूट मागे सरला होता.

त्यानं पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: पिस्तूल निर्दोष. साहेबांनी स्लाइड उघडली नाही, तपासू दिलं नाही, चाप ओढला. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही.

साहेबांनी वाचलं. "नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. तुमचीही जायला पाहिजे."

फॉर्म त्यांच्या हातून ओढून घेऊन तो स्वतः चौकशी कचेरीत गेला आणि पोच घेऊनच बाहेर पडला. तिथून थेट बहिणीकडे.

दारामागच्या खुंटीवर इस्त्री केलेला गणवेश अजून तसाच होता. साहेब इथंही येऊन गेले होते, पिस्तूल खराब होतं म्हणून सांगून. बहिणीनं ते सगळं कोरड्या आवाजात सांगितलं. मग त्याच्याकडे बघत विचारलं, "दादा, तू करंगळी घालून बघितलं होतंस ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनी हात झटकला. मी मागे घेतला."

"मागे घेतलास."

"हो. तसंच लिहून दिलंय. त्यांचंही आणि माझंही."

ती उठली. मग आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. नेहमी हातात द्यायची. आज तिनं तो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि पुन्हा आत गेली.

मिस्त्री बसून राहिला. उजव्या करंगळीच्या नखात बंदुकीच्या तेलाची काळी रेघ होती. पाणी तो डाव्या हातानं प्यायला.