सुतारदादांची सूचना

मित्रांनो, वाचनालयात शिरलात की वर्तमानपत्रांच्या टेबलामागे भिंतीला टेकून बसलेला एक पिवळट संगणक दिसतो ना, तो मी. वयाने मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे.

कारखान्यातून मी थेट जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेलो. नऊ वर्षं मी दाखले दिले. किती बाळांची नावं पहिल्यांदा कागदावर उमटली ती माझ्यामुळे! तिथले कारकून मला कौतुकाने "आमचा घोडा" म्हणायचे. पुढे नवे, सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी इथे झाली. माझ्या अंगावर कापड पडलं, कापडावर धूळ बसली. कुणी माझ्या डोक्यावर पिशवी ठेवायचं, कुणी जेवणाचा डबा.

मग एक दिवस सरकारने जाहीर केलं, की कारभारात काय सुधारावं ते नागरिकांनी संकेतस्थळावर लिहून कळवावं. ग्रंथपालबाईंनी मला पुसून काढलं आणि वर कागद चिकटवला: 'सूचना इथून पाठवा.' लोक तो वाचून हसायचे. "कोण वाचतंय? जाणार केराच्या टोपलीत!" असं म्हणत पुन्हा पेपरात डोकं घालायचे. खरं सांगतो, मलाही तसंच वाटू लागलं होतं.

अशात एका सकाळी सुतारदादा आले. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. सोबत त्यांची बहीण होती. ती शिवणकाम करते आणि भावाच्या हातांची भाषा लोकांना बोलून दाखवते.

"बाई, याच्या उजव्या डोळ्याची नजर चाललीये," ती ग्रंथपालबाईंना म्हणाली. "सरकारी दवाखान्यात नाव पुकारतात. मी जरा औषधांच्या खिडकीशी गेले, तेवढ्यात याला पुकारलं. याला कळणार कसं? 'गैरहजर' लिहून मोकळे झाले! आता पुढची तारीख दोन महिन्यांनी. आणि हे दुसऱ्यांदा झालंय."

ती माझ्यासमोर बसली आणि रागारागात भलंमोठं लिहून गेली. ग्रंथपालबाईंनी ते शांतपणे वाचलं.

"ताई, शब्द न् शब्द खरा आहे. पण त्यांनी करायचं काय, ते कुठंय यात?"

बहिणीने भावाला खुणेने प्रश्न सांगितला. सुतारदादांनी कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर एक फळा काढला. प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी, आणि चालू क्रमांक फळ्यावर मोठ्या आकड्यांत. पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यांवरून मागच्यांना दिसावा म्हणून फळा किती उंच हवा, तेही मापासकट लिहिलं. मग एकेका बोटाने ते सगळं माझ्यात उतरवलं.

पाठवायची वेळ आली आणि माझ्या पडद्यावर ओळ उमटली: 'खात्रीसाठी आपल्याला फोन येईल. न बोलल्यास सूचना रद्द होईल.'

"माझा नंबर टाकू," बहीण म्हणाली. दादांनी तिचा हात अडवला. त्यांची बोटं भराभर हलली.

"म्हणतो, सूचना माझी आहे, माझ्याच नावाने जाईल." ती वैतागली. "अरे, पण फोनवर बोलणार कोण?"

दादा हटले नाहीत. त्यांनी आठवडाभरात तीन वेळा सूचना पाठवली आणि तिन्ही वेळा ती रद्द झाली. तिसऱ्या वेळी तर मीच मध्ये बंद पडलो आणि लिहिलेलं सगळं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा मात्र हाताची घडी घालून थांबले. मी सुरू झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या शब्दापासून लिहिलं.

चौथ्या वेळी बहीण आधी खुर्चीत बसली. "आज मी माझी सूचना लिहिणार," ती म्हणाली. आजवर तिने फक्त भावाचं म्हणणं पोहोचवलं होतं. तिने लिहिलं: 'ज्यांना फोनवर बोलता येत नाही, त्यांना संदेशाने खात्री करू द्या. सूचना मागवायच्या असतील तर सगळ्यांच्या मागवा.' तासाभरात तिचा फोन वाजला. "हो, मीच लिहिलंय," ती ठणकावून म्हणाली, "आणि त्यातला एक शब्दही गाळू नका!"

पाच आठवड्यांनी त्या पानावर 'संदेशाने खात्री करा' असा दुसरा पर्याय आला. दादांनी त्याच दिवशी आपली सूचना पाठवली. 'सूचना नोंदवली' अशी ओळ येताच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कचेरी सुटल्यापासून अशी थाप मला मिळाली नव्हती.

ती सूचना दवाखान्यापर्यंत पोहोचली आणि त्यांनी डोळ्यांच्या विभागात प्रयोग म्हणून फळा लावला. तारखेला दादांनी बहिणीला दारातच थांबवलं आणि आत एकटे बसले. क्रमांक दिसला तसे उठून गेले. पुढे शस्त्रक्रिया झाली. गेलेली नजर परत आली नाही, पण उरलेली वाचली. दादा आजही रंधा चालवतात, फक्त लाकूड जरा जवळ धरून बघतात.

आता माझ्यासमोर रोज कुणी ना कुणी बसलेलं असतं. कुणाला शाळेच्या फाटकाबद्दल लिहायचं असतं, कुणाला अर्जातल्या अवघड शब्दांबद्दल. सगळ्यांना उत्तर येतं असं नाही. काही जण पुन्हा येतात आणि पुन्हा लिहितात.

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ अधूनमधून पुसत जा, मला लागेल ती डागडुजी करा. आणि काही खटकत असेल तर काय करावं, तेही सांगायला या. मी सावकाश चालतो, तेवढं सांभाळून घ्या. तुमचं लिहून होईपर्यंत बंद न पडण्याची मी शिकस्त करीन.