इंजिनाची पाठराखीण

त्या दोन मोटार कंपन्यांचं चाळीस वर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. एकीनं गाडीचे दिवे गोल केले की दुसरी मुद्दाम चौकोनी करणार. एकीच्या कामगाराच्या दारात दुसरीची गाडी उभी दिसली, तर तो पाहुणा कोण याची चौकशी सकाळी कारखान्यात होणार. आणि अशा या दोघींनी एके दिवशी मिळून जाहीर केलं, की यापुढे छोट्या गाड्यांचं इंजिन एकच. एकीनं काढायचं, दोघींनी बसवायचं. नवं इंजिन एकटीनं उभं करणं दोघींनाही झेपेनासं झालं होतं, खरं कारण एवढंच. वरच्या मजल्यावर हात मिळवले गेले, फोटो निघाले. खालच्या मजल्यावर एका बाईला बॅग भरायला सांगण्यात आलं.

बाई पन्नाशीला टेकलेली. इंजिन तपासणीत तिची पंचवीस वर्षं गेली होती. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही हे विचारणारे आता थकले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ती उभी राहिली, की आत कुठं काय घासतंय ते अचूक सांगायची. हे नवं इंजिन तर तिनं कागदावर होतं तेव्हापासून पाहिलेलं. समोरच्या कंपनीत दीड वर्ष राहून ते शिकवायला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं नव्हतं. घरी अडवणारंही कुणी नव्हतं. हे तिच्या साहेबांनी बोलून दाखवलं नाही, इतकंच.

नाही म्हणायला वडील होते. अप्पा. त्याच कंपनीच्या जोडणी खात्यातून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेले. उभ्या जन्मात त्यांनी त्या दुसऱ्यांच्या गाडीत पाय ठेवला नव्हता. एकदा टॅक्सी तसली आली, तर ती परत पाठवून दोन बॅगा घेऊन स्टेशनपर्यंत चालत गेले होते. बातमी ऐकून ते म्हणाले, "त्यांच्याकडे राहणार?" आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

नव्या कारखान्यात तिला पिवळा पास मिळाला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'पाहुणा' लिहिलेलं. दर सोमवारी फाटकावरच्या खिडकीत तो नवा करून घ्यावा लागायचा, आणि खिडकीतला माणूस दर सोमवारी तिला नाव विचारायचा. लोक वाईट नव्हते. पण ती खोलीत आली की टेबलावरचे कागद पालथे व्हायचे, पडद्यावरची चित्रं मिटायची. कँटीनमध्ये ती ज्या टेबलाशी बसे, तिथलं बोलणं हवापाण्यावर येऊन थांबायचं. पहिल्याच महिन्यात तिला नाव पडलं, पाठराखीण. नवरीबरोबर सासरी आलेली. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती हसली. नाव चपखल होतं. फक्त पाठराखीण चार दिवसांत परत जाते, आणि तिचे अजून सतरा महिने बाकी होते.

कंपनीनं दिलेल्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर ती धुतलेले कपडे ठेवायची. रविवारी अप्पांना फोन करायची. ते तब्येत सांगत, गळक्या नळाचं सांगत, तिच्या कामाचं मात्र अवाक्षर काढत नसत. तिच्या कंपनीतले मित्रमैत्रिणी सुरुवातीला फोन करत. मग त्यांनाही तिच्याशी काय बोलावं आणि काय नको, याचा अंदाज येईना. शेवटी कुणीच करेनासं झालं.

तिला बरं वाटायचं ते इंजिन चालवून तपासायच्या टेस्ट बेडवर. तिथं तिचं इंजिन लोखंडी चौकटीत बांधलेलं असे. ते सुरू झालं की तिला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होई.

तिथल्या खात्याच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत; पूर्वी ते शिकाऊ कामगारांना शिकवत असत. साठीजवळ आलेले, मोजकं बोलणारे. हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी रात्रभर थंड खोलीत गारठवलेलं इंजिन सुरू करायला लावलं. सुरू होताच आत खडखड झाली. तीन सेकंद, फार तर चार. मग सगळं सुरळीत. बाकीच्यांनी माना हलवल्या आणि आकडे टिपून घेतले. बाई मात्र जागच्या जागी थिजली. हा आवाज तिनं मागच्या हिवाळ्यात आपल्या कारखान्यात ऐकला होता. आतल्या साखळीला ताण देणारा टेन्शनर. थंडीत त्यातलं तेल उतरून जाई आणि दाब परत येईपर्यंत साखळी सैल राही. आज तीन सेकंद. वर्ष-दोन वर्षांनी एखाद्याची साखळी दात सोडणार, आणि भर रस्त्यात इंजिन फुटणार.

दुपारी तिनं बाहेर जाऊन आपल्या साहेबांना फोन लावला.

"त्यांचं तेल असेल, त्यांची जोडणी असेल," साहेब म्हणाले. "आपल्याकडे असं कधी झालेलं नाही."

"झालंय, साहेब. मीच लिहून दिलं होतं."

"तो कागद सापडत नाही. आणि तुम्ही तिथं शिकवायला गेला आहात, बाई. चुका काढायला नाही."

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तसंही तिच्याशी बोलायला कोण येत होतं. तिसऱ्या सकाळी तीच खडखड पुन्हा झाली. मास्तरांनी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि तिच्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमच्या कानाला काय वाटतं?"

'काही नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता.

"टेन्शनर," ती म्हणाली. "दोष मुळातला आहे. आमच्याकडूनच तसा आलाय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

टेन्शनरमध्ये तेल अडवून धरणारी बारीकशी झडप बसवावी लागली. गाड्या दोन्हीकडे सात आठवडे उशिरा निघाल्या आणि वसंतात रस्त्यावर आल्या. त्यातून कुणालाही कसलाही आवाज आला नाही. आपण खरं बोललो म्हणून इथले लोक आता जवळ येतील, असं बाईला मनातून वाटलं होतं. पहिले काही दिवस चार जणांनी नमस्कारही केला. पण कँटीनच्या रांगेत तिच्या पाठीमागे कुणीतरी हळूच म्हणालं, माहेरचं इथं सांगते, ती इथलं तिथं सांगणार नाही कशावरून. कागद पुन्हा पालथे होऊ लागले.

सहा महिने आधीच तिला परत बोलावलं गेलं. शेवटच्या दिवशी पास जमा करताना खात्याचं कुणीतरी बरोबर लागतं, म्हणून मास्तर फाटकापर्यंत आले. टॅक्सी येईस्तोवर उभे राहिले, आपल्या गॅलरीतल्या टोमॅटोंना यंदा कीड लागल्याचं सांगत राहिले. बाईला ते बोलणं संपूच नये असं वाटत होतं.

आपल्या कंपनीत तिला तिसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं, नियमावल्या तपासायच्या खात्यात. कुणी वाकडं बोललं नाही. जुने सोबती भेटले की घाईत असत. त्या मजल्यावर इंजिनाचा आवाज पोचत नव्हता.

रविवारी ती अप्पांकडे जाऊ लागली. जोडणी खात्यातल्या सोबत्यांकडून त्यांच्या कानावर सगळं गेलं असणार, हे तिला ठाऊक होतं. कित्येक रविवार त्यांनी विषय काढला नाही. मग एका दुपारी ते सिंकखाली डोकं घालून नळाची चकती बदलत होते, आणि ती बॅटरी धरून बसली होती.

"मोठा होता का आवाज?" त्यांनी आतूनच विचारलं.

"नाही. तीन सेकंद. एखाद्याला कळलाही नसता."

पाना थोडा वेळ फिरत राहिला.

"एका वर्षी हँडब्रेकची तार आखूड आली होती," अप्पा म्हणाले. "ताणून बसवावी लागायची. उतारावर सुटायची. मला कळलं होतं."

"मग?"

"मग काय. गप्प बसलो. तू तिसरीत होतीस."

तिला बॅटरी एका हातात जड झाली, म्हणून तिनं ती दोन्ही हातांत घेतली. "कुणाला काही झालं, अप्पा?"

"माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

ते हळूहळू बाहेर आले, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि जेवून जाशील का म्हणाले. ती थांबली. अप्पांनीच वाढलं. दोघं जेवली.

पुढच्या आठवड्यात तिनं रविवारची वाट पाहिली नाही. शनिवारीच गेली.